ओट्यावरचा गोया

आमच्या जुन्या घराच्या ओट्यावर एक लोखंडी गोळा होता. मी जन्मायच्या आधीपासून, आबांच्याही जन्माच्या आधीपासून. आमच्याकडे अहिराणी बोलीत ळ चा य होतो म्हणून सगळं गाव त्याला गोयाच म्हणायचं. आजीच्या सांगण्याप्रमाणे, "तुना पंजानी तापीमाईन आणेल शे तो." म्हणजे पणजोबा उन्हाळ्यात नदीत टरबुजाच्या वाड्या लावायचे, तिथं वाळू उकरताना सापडला आणि त्यांनी खांद्यावर टाकून घरी आणला. आमचं गाव शिरपूर तालुक्यात, थाळनेरच्या जुन्या किल्ल्यापासून फार लांब नाही, त्यामुळे नदीत असं काहीबाही सापडायचं, विटा, नाणी, खापरं. कोणाला त्याचं विशेष वाटायचं नाही.

पहिले त्याचा उपयोग दाराला अडसर म्हणून. मग कधीतरी कोणीतरी दसऱ्याला बाकी अवजारांबरोबर, म्हणजे विळा कुऱ्हाड नांगराचा फाळ यांच्याबरोबर त्यालाही हळदकुंकू लावलं, पुढच्या वर्षी शेंदूर लावला आणि एकदा का शेंदूर लागला की मग तुम्हाला माहितीच आहे, दरवर्षी एक थर. साठसत्तर वर्षांत त्याच्यावर शेंदराचं असं जाड कवच झालं होतं की खालचं लोखंड कुठंच दिसत नव्हतं. लहानपणी आम्ही पोरं त्याच्यावर बसायचो, अंगणात लोळवायचो, मे महिन्यात चुलतभाऊ आले की उचलायची पैज लागायची. माझ्या एका चुलतभावानं शाळेच्या प्रकल्पासाठी त्याला सुतळी गुंडाळून घेर मोजला होता आणि कापसाच्या काट्यावर वजन केलं होतं, घेर ४४ सेंमी आणि वजन साडेसात किलो. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

तर यंदा उन्हाळ्यात ते धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर पाडायचं ठरलं. छताचे लाकडी सर कुजले होते, दोन पावसाळे कसेबसे काढले, आता स्लॅब टाकू म्हणलं. माझं शिरपूरला मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, सुट्टी घेऊन आठ दिवस गावात आलो. सामान हलवताना गोया समोर आला आणि माझ्या डोक्यात आयडिया आली की याला मस्त साफ करू, काळंभोर लोखंड काढू, वरून व्हार्निश मारू आणि नव्या हॉलमध्ये सागाच्या स्टँडवर ठेवू. पाहुणे विचारतील, आपण सांगू पणजोबांनी आणलाय. आजीला सांगितलंच नाही कारण ती शेंदूर काढू देणार नव्हती. दुपारी ती झोपली, मी रॉकेल, पत्र्याची खरवडणी आणि दुकानातला ग्राइंडर घेऊन अंगणात निंबाखाली बसलो. ग्राइंडरला तारेचा कप लावलेला, वायर जोडलेली, फक्त बटण दाबायचं बाकी. म्हणलं पहिले जाड थर हातानं काढू म्हणजे कप भरणार नाही.

शेंदराचे खपले निघायला लागले, नारळाच्या करवंटीएवढे. आणि एका बाजूनं मोठा खपला निघाला तर खाली भोक. बरोबर गोल, आपला अंगठा जाईल एवढं. आत काहीतरी काळंकुट्ट घट्ट बसलेलं, पहिले वाटलं माती, मग नखानं टोकरलं (हो टोकरलं, काय सांगू) तर लाकडाचे धागे दिसले. लोखंडी गोळ्यात लाकडाचं बूच. आता मी काही इतिहासाचा माणूस नाही पण मोटारी उघडून उघडून एवढं कळतं की कोणी भोक पाडून त्याच्यात बूच मारतो तेव्हा आत काहीतरी ठेवायचं असतं.

फोटो काढला आणि एका मित्राला पाठवला, तो दर रविवारी किल्ले फिरतो, लळिंग, सोनगीर, भामेर, गाळणा काही सोडत नाही. पाठवून दोन मिनिटं नाही झाली तर त्याचा फोन. हॅलो नाही काही नाही, सरळ, "ग्राइंडर लांब ठेव, वायर बोर्डातून काढ, गोळ्याला हात लावू नको, घरातले सगळे बाहेर काढ आणि मग बोल." मी हसलो. तो हसला नाही.

मग त्यानं जे सांगितलं ते थोडं सविस्तर लिहितो कारण मलाही ते तेव्हाच कळलं. जुने तोफेचे गोळे ढोबळमानानं दोन प्रकारचे. एक भरीव, नुसता लोखंडाचा गोळा, भिंत फोडायला. हे किल्ल्यांवर, संग्रहालयांत ढिगानं दिसतात, केरळात कन्नूरच्या किल्ल्यात तर जमिनीखालून असे हजारो निघाले होते. याच्यात फुटण्यासारखं काही नसतं, पायावर पडला तर पाय जाईल तेवढंच. दुसरा पोकळ, आत दारू भरलेली, वर बत्तीचं भोक, तो शत्रूच्या डोक्यावर जाऊन फुटायचा. याला जुन्या मराठीत कुलपी गोळा म्हणायचे. हे उखळी तोफेतून किंवा हॉवित्झर नावाच्या आखूड तोफेतून मारायचे. भोकात लाकडाची बत्ती ठोकलेली असायची, तोफ उडाली की तिच्याच ज्वाळेनं ती पेटायची, जळत जळत आतपर्यंत गेली की धडाम. पण गोळा पाण्यात नाहीतर चिखलात रुतला तर बत्ती विझायची आणि गोळा तसाच पडून राहायचा. आणि आमचा आला होता तापीच्या वाळूतून.

मी म्हणलं अरे पण दोनशे वर्षं झाली असतील, दारू काय राहते का. तर तो म्हणे दारू म्हणजे काय, शोरा, गंधक आणि कोळसा. कोळसा आणि गंधक काही कुजत नाही. शोरा पाण्यात विरघळतो हे खरं, पण त्यासाठी पाणी आत जायला पाहिजे, आणि तुमच्या पणजोबांनी नदीतून काढून साठसत्तर वर्षं खान्देशच्या उन्हात ओट्यावर वाळवलाय आणि वरून शेंदूर लावून सील केलाय. याच्यापेक्षा चांगली निगा कोणी घेतली नसती. मग त्यानं अमेरिकेतली गोष्ट सांगितली, २००८ सालची, व्हर्जिनिया राज्यात एक माणूस आयुष्यभर तिथल्या यादवी युद्धातले गोळे गोळा करायचा, साफ करायचा, शेकडो केले होते त्यानं, आणि एका गोळ्याचा गंज घराबाहेर मशीननं काढताना तो फुटला. तो जागेवर गेला. गोळा १८६०च्या दशकातला. मी माझ्या ग्राइंडरकडे पाहिलं आणि पाठीतून घाम निघाला, तसा तो निघतच होता म्हणा, ४४ डिग्री होतं, पण हा वेगळा.

मला वजनाचा हिशोब पण तेव्हाच सुचला. घेर ४४ म्हणजे व्यास १४ सेंमी. ओतीव लोखंडाचा भरीव गोळा एवढा असता तर वजन दहा किलोच्या वर भरलं असतं. आमचा साडेसात. म्हणजे पोकळ. चाळीस वर्षं हा हिशोब आमच्या घरात वहीत लिहून पडला होता. मित्र म्हणे साडेपाच इंची हॉवित्झर इंग्रज वापरायचे, साडेपाच इंच म्हणजे तेवढंच होतं बघ, १४ सेंमी. आणि थाळनेरला २७ फेब्रुवारी १८१८ ला इंग्रजांचा जनरल हिस्लॉप येऊन धडकलाच होता. होळकरांनी जानेवारीत मंदसोरच्या तहात किल्ला देऊन टाकलेला पण किल्लेदार तुळशीराम मामा ऐकेना, तोफा चालल्या, आतले बहुतेक सगळे इंग्रजांनी कापून काढले आणि किल्लेदाराला फाशी दिलं. आमचा गोया त्याच दिवसाचा हे मी छातीठोकपणे सांगणार नाही, कुठला कागद नाही त्याचा. पण इंग्रज इकडे असल्या गोळ्यांचा मारा करत फिरत होते हे खरं, त्याच साली जूनमध्ये मालेगावच्या किल्ल्याचं दारूकोठार त्यांच्याच गोळ्यानं उडालं.

(वजन करा असं मी कोणाला सांगत नाहीये. आमचं आधीच केलेलं होतं. तुमच्याकडे असला गोळा असेल आणि हे वाचून काट्यावर ठेवायला निघाला असाल तर थांबा.)

आता आजी. आजी ८६ वर्षांची. तिला उठवलं, बाहेर चल म्हणलं, कारण सांगितलं. तिनं पहिले शेंदराच्या खपल्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "देवले उघडा करी टाकना तू?" मी म्हणलं आजी तो देव नाही बॉम्ब आहे. ती म्हणे इतकी वर्षं नाही फुटला, तू खरवडलं म्हणून फुटी ऱ्हायना. आणि खरं सांगायचं तर तिचं म्हणणं चुकीचं होतं का? शेवटी आबांनी तिला खुर्चीसकट उचललं आणि शेजारच्या गल्लीत काकांच्या ओट्यावर नेऊन बसवलं. बैलं सोडली, गॅसच्या दोन्ही टाक्या लांब नेल्या, शेजारच्या तीन घरांना सांगितलं. मग ११२ ला फोन.

फोनवर मुलीनं नीट ऐकून घेतलं, पत्ता लिहिला, जवळ जाऊ नका म्हणाली. पोलीस पाटील पाच मिनिटात आले. त्यानंतर ठाण्यातून दोघं आले, कोणत्या ठाण्यातून ते सोडा. त्यातल्या एकानं लांबून पाहिलं, "हे का?" म्हणाला आणि गोया उचलून जीपमध्ये टाकायला निघाला. का तर साहेबांना दाखवतो. जीप रस्त्यानं कशी जाते तुम्ही कधी बसलात का आमच्याकडच्या रस्त्यावर? मी आडवा झालो. म्हणलं दादा पाया पडतो, फोटो काढून पाठवा साहेबांना. तो थोडा रागावला, मग फोटो पाठवला, आणि पलीकडून साहेबांनी जे सुनावलं ते फोन कानाला असून आम्हाला ऐकू आलं. नंतर मात्र त्यांनीच चांगला बंदोबस्त केला, दोन्ही बाजूंनी रस्ता अडवला, दोरी बांधली.

धुळ्याहून बॉम्बशोधक पथक यायला चार तास लागले. ते चार तास म्हणजे जत्रा. आजूबाजूच्या चार गावची माणसं. गारीगारवाला आला. कोणी म्हणे होळकरांचा खजिना निघाला, कोणी म्हणे पाकिस्तानचा बॉम्ब. पोरं दोरीखालून घुसून व्हिडिओ काढायची, त्यांना हाकलता हाकलता पोलीस पाटलांचा घसा बसला. भाच्याचं वेगळंच, मामा ऑनलाईन विकू, लोक लाखात घेतात असल्या वस्तू. त्याला सांगितलं बेटा शंभर वर्षांवरची वस्तू असली तर १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा आहे, जमिनीत सापडलेल्या वस्तूंसाठी १८७८ चा निखात निधी कायदा आहे, आणि आत दारू असली तर स्फोटकांचा कायदा आहेच, तू कोणत्या कलमात जातो ते ठरव. गप्प बसला. एक भंगारवाला पण आला, किलोचा भाव सांगून गेला. हसू नका, पथकातल्या हवालदारांनी नंतर सांगितलं की त्यांना सगळ्यात जास्त भीती भंगाराचीच असते. फायरिंग रेंजवरून लोक न फुटलेले शेल तांब्यापितळेसाठी उचलतात, बुडाशी तांब्याची पट्टी असते ती छन्नीनं काढायला जातात. टोकदार तोंड, बुडाशी पट्टी नाहीतर मागे पंखे, असं काही दिसलं तर ते नवीन काळातलं समजायचं आणि ते आपल्या गोयापेक्षा कितीतरी घातकी, नुसत्या धक्क्यानं पण जाऊ शकतं.

पथक आलं ते सहा जण आणि एक कुत्रा. कुत्र्यानं गोयाचा वास घेतला आणि काही केलं नाही, त्याला निंबाची सावली आवडली. साहेब म्हणाले शेंदूर आणि रॉकेलच्या वासात त्याला काय कळणार. (रॉकेल मी ओतलेलं. हेही एक.) त्यांनी पहिले प्रश्न विचारले, हातही न लावता, अर्धा तास. कुठून आणला, किती वर्षं झाली, कधी पडला का, कधी चुलीजवळ ठेवला का, आज तुम्ही नक्की काय काय केलं आणि कोणत्या हत्यारानं. मी नखाचं पण सांगितलं. त्यांनी वहीत लिहिलं, चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.

मग त्यातला एक जण जाड सूट घालून गेला. त्या उन्हात तो सूट, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. गोयाच्या मागे एक चपटी पाटी उभी केली, पुढे डब्यासारखं एक्स-रेचं मशीन, आणि सगळे लांब. लॅपटॉपवर फोटो आला तो साहेबांनी मला बोलावून दाखवला. नारळ मधोमध कापल्यासारखा. जाड कडं, आत पोकळी, वरून बूच आत उतरत गेलेलं, खाली निमुळतं. आणि पोकळीत साधारण निम्म्यापर्यंत काहीतरी भरलेलं, एका बाजूला कललेलं, डब्यात मीठ दमट होऊन बसतं ना तसं. त्या ढिगाकडे पाहून माझे पाय गार पडले. याच्यावर बसून मी आंबे खाल्लेत.

साहेब म्हणाले आत माती पण असू शकते. आम्ही दारूच धरून चालणार. बत्ती उपसून बघायचा, ड्रिल मारायचा, पाण्यात बुडवून ठेवायचा असला काही प्रयोग करत नाही. ओली झालेली दारू वाळली की परत पेटू शकते. नष्ट करायची, पण त्यासाठी वरून परवानगी, जागा, सगळं लागतं, दोन दिवस जातील. तोपर्यंत जागेवरच. आमच्या नव्या घरासाठी तापीची वाळू येऊन पडलीच होती, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या पण होत्या. त्या भरून गोयाभोवती चारी बाजूंनी कमरेएवढी भिंत केली आणि एक शिपाई बसवला. आम्ही दोन रात्री काकांकडे झोपलो, म्हणजे पडलो. काकूनं पहिल्या रात्री सगळ्यांना, पथकाला सुद्धा, शेवभाजी आणि कळण्याची भाकरी खाऊ घातली. सूटवाल्या पोरानं चार भाकरी खाल्ल्या.

पंचनामा मजेशीर झाला. लिहिणाऱ्यानं वाचून दाखवलं, "शेंदरी रंगाची एक लोखंडी गोल वस्तू." आजी काठी आपटून म्हणे रंग नाही, शेंदूर. "शेंदूर लायेल शे" असं लिव्ह. तो म्हणे आजी तेच ते. आजी म्हणे तेच ते नाही. पंच खोळंबले, साहेब खोळंबले. शेवटी त्यानं खोडून "शेंदूर लावलेली" केलं तेव्हा तिनं अंगठा दिला, आणि तिचा अंगठा लागत पण नव्हता, ती साक्षीदार नव्हती. तरी घेतला.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहालाच आले. वाळू भरलेल्या पेटीत, चौघांनी, लेकराला पाळण्यात ठेवावं तसा गोया ठेवला आणि गाडी पायी चालण्याच्या वेगानं गावाबाहेर गायरानाकडे. मला आणि आबांना लांब नाल्याच्या आडोशाला थांबू दिलं. खड्डा रात्रीच खणलेला होता. गोया खाली, त्याला चिकटून त्यांचा स्फोटकाचा छोटा चार्ज, वरून गोण्या. शिट्टी वाजली, परत शिट्टी वाजली.

आवाज मी समजलो होतो त्यापेक्षा कमी झाला, जमिनीतून पायाला जास्त कळला. मग धूर. खूप पांढरा, दाट, आणि वारा आमच्याकडे होता म्हणून वास आला तो थेट दिवाळीचा, लवंगीची लड संपल्यावर अंगणात येतो तो. आबा काहीच बोलले नाहीत. साहेब बऱ्याच वेळानं सगळं तपासून आले, हातमोजे काढत म्हणाले, "दारू होती." किती होती ते सांगता येत नाही म्हणे, पण होती.

त्यानंतर पंधरा दिवसांत आसपासच्या गावांतून मला फोन यायला लागले, जसा मीच पथकात आहे. मी एकच सांगतो, हात लावू नका, लांबून फोटो काढा, पोलीस पाटलांना दाखवा. एकाकडे निघाला तो शाळेचा गोळाफेकीचा गोळा, खाली ७.२६ कोरलेलं पण होतं. एकाकडचा सिमेंट कारखान्यातल्या चक्कीतला. एकाकडे खरंच तोफेचा पण भरीव, छोटा, संत्र्याएवढा. आणि एका म्हाताऱ्या बाबांच्या तुळशीवृंदावनात सिमेंटमध्ये अर्धा बसवलेला एक आहे, वरचा भाग दिसतो तो गुळगुळीत आहे, खालचा कसा आहे कोणालाच माहीत नाही. ते पथकाला कळवलंय. बाबा माझ्याशी बोलत नाहीत.

आमच्या घराचं काम आता लिंटलपर्यंत आलंय. आजीनं पथकाच्या साहेबांकडे एक तुकडा मागितला होता, त्यांनी नियम सांगून हात जोडले. मागच्या आठवड्यात मी गेलो तर मिस्त्री विचारत होता की दाराशेजारी ओट्यावर हा कोनाडा कशाला ठेवायला लावलाय, नकाशात तर नाही. मी आजीला विचारलं तिथं काय ठेवायचं आहे.

"तू नको विचारू. मी पाही लिसू."